‘डू द नीडफुल’ लिहावं की नाही? कंटेनर अडकल्यावर पडलेला प्रश्न

पिलबाग

राम राम मंडळी. रावेर तालुक्यात केळीच्या एका पॅकहाऊसवर सहा वर्षांपासून ऑफिसचं काम बघतो. सकाळी वजनकाट्यावर उभं राहायचं, दुपारी इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि फायटोचे कागद, रात्री आखातातल्या खरेदीदारांना मेल. शिक्षण सगळं मराठी माध्यमातून, इंग्रजी कामापुरतं. पण मेल लिहिताना कधी अडलं नाही, कारण माझ्या आधीचा माणूस जाताना एक साचा ठेवून गेला होता. तारीख बदला, कंटेनर नंबर बदला, झालं. शेवटची ओळ ठरलेली: ‘काइंडली डू द नीडफुल अँड रिव्हर्ट बॅक ऑन द सेम अ‍ॅट द अर्लिएस्ट.’

मागच्या हंगामात एका कंटेनरच्या फायटोवर, म्हणजे माल रोग-किडीमुक्त असल्याच्या सरकारी दाखल्यावर, खरेदीदाराच्या नावात एक अक्षर चुकलं. धावपळ करून दुरुस्त दाखला काढला, मेलला जोडला आणि लिहिलं की आधीच्या दाखल्यात नाव चुकलं होतं, सोबत सुधारित दाखला आहे. खाली आपली ठरलेली ओळ.

खरेदीदाराकडे कागदपत्रं बघायला नवीन मुलगी आली होती, पूर्व युरोपातली. तिचं उत्तर आलं, ‘डू यू मीन वुई शुड रिव्हर्ट टू द फर्स्ट वन?’ त्या वेळी मी बागेत होतो. घड उतरवणं चालू, मजूर ओरडतायत, मोबाईलला चीक लागलेला. तिच्या वाक्यातलं ‘रिव्हर्ट’ तेवढं दिसलं. लिहून टाकलं, ‘येस प्लीज, काइंडली डू द नीडफुल.’

तिनं केलं नीडफुल. पहिला, चुकीचा दाखला कस्टमला दिला.

कंटेनर तीन दिवस बंदरावर. वीस टनांच्या आसपास माल, साडेतेरा अंशावर ठेवायचा, म्हणजे प्लग लावून ठेवण्याचं भाडं, जागेचं भाडं, सगळं आमच्या बिलातून कापलं गेलं. आमचे शेठ, त्यांना आम्ही आप्पा म्हणतो, मला एका शब्दानंही बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

तर प्रश्न असा. ‘डू द नीडफुल’ हे इंग्रजी चूक आहे का? गूगलवर कोणी म्हणतं चूक, कोणी म्हणतं जुनं, कोणी म्हणतं भारतीय. मला बरोबर-चूक एका शब्दात सांगा, साचा बदलून टाकतो.

---

पांझरेचा गाळ

भो, हाई वाचीसन पोट धरीसन हसनू, मंग तुन्हा आप्पासना विचार ऊना नि गप बसनू.

माझं मत: चूकच. आमच्या धुळ्यातल्या क्लासचे सर ‘नीडफुल’ दिसलं की लाल पेनानं गोल करायचे.

---

बडगीवाली

पिलबाग दादा, एका शब्दात उत्तर मिळणार नाही. मी जळगावला बारावीपर्यंत इंग्रजी शिकवते, त्यामुळे थोडं लांबेल.

व्याकरणानं यात काहीही चूक नाही. ‘नीडफुल’ हे विशेषण. त्याच्या आधी ‘द’ लावला की त्याचं नाम होतं, जसं ‘द पुअर’ म्हणजे गरीब लोक, ‘द अननोन’ म्हणजे जे अज्ञात आहे ते. तसं ‘द नीडफुल’ म्हणजे ‘आवश्यक ते’. मराठीतही आपण ‘आवश्यक ते करावे’ म्हणतोच, ‘आवश्यक ते काम’ असं पूर्ण कुठे म्हणतो? बनावट तीच.

शिवाय हा प्रयोग आपण घरी तयार केलेला नाही. तो इंग्लंडमध्ये सर्रास होता, तिथूनच ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि नंतर सरकारच्या पत्रांतून इकडे आला. नुसतं ‘द नीडफुल’ म्हटलं तर तिकडे बोलीत रोख पैसा असाही अर्थ व्हायचा. विसाव्या शतकात तो तिकडच्या लिहिण्यातून मागे पडला आणि आपल्या कचेऱ्यांत राहिला. म्हणून आजचे शब्दकोश त्याला भारतीय इंग्रजी म्हणतात. पांझरेचा गाळ भाऊ, तुमच्या सरांचा लाल गोल व्याकरणाचा नव्हता, फॅशनचा होता.

पण दादा, तुमचा कंटेनर ‘नीडफुल’नं एकट्यानं अडकवला नाही. खरा घोळ ‘रिव्हर्ट बॅक ऑन द सेम’नं केला. ‘रिव्हर्ट’चा बाहेरच्या लोकांना माहीत असलेला अर्थ पूर्वस्थितीला परत जाणं. शेत पुन्हा पडीक झालं, माणूस जुन्या सवयीवर गेला, तर तिथे ‘रिव्हर्ट’. उत्तर देणं हा अर्थ आपल्याकडचा. त्यात ‘बॅक’ जास्तीचा, कारण परत जाणं शब्दातच आहे. आणि ‘ऑन द सेम’! त्या मुलीनं तुमचं वाक्य अक्षरशः वाचलं: त्याच जुन्यावर परत जा. तिच्या जागी मी असते तर मीही पहिलाच दाखला दिला असता.

---

पिलबाग

ताई, हे वाचून घाम फुटला. म्हणजे तिनं बरोबर वाचलं आणि मी चूक लिहिलं. सहा वर्षं माझं बाकीच्यांनी चालवून घेतलं, कारण तिकडे कागदपत्रांना आपलीच माणसं बसलेली होती, केरळची नाहीतर मुंबईची.

---

मेहरूणचं बोर

मी मूळचा जळगावचा, पुण्यात आयटीत. मला हे सगळं ऐकून जरा राग येतो. कोट्यवधी भारतीय रोज ज्या इंग्रजीत काम करतात ते इंग्रजी नाही का? अमेरिकन माणूस त्याच्या पद्धतीनं लिहितो तेव्हा आपण शब्दकोश उघडतो. आपण आपल्या पद्धतीनं लिहिलं की लाल गोल.

‘प्रीपोन’ घ्या, म्हणजे ठरलेली वेळ अलीकडे आणणं. सगळे म्हणतात हा भारतीयांचा घरगुती शब्द. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात तो आहे, आणि या अर्थाचा जुना दाखला १९१३ सालचा, न्यूयॉर्क टाइम्समधल्या एका पत्रातला आहे. म्हणजे आपण लाजत होतो त्या शब्दाचा जन्मदाखला अमेरिकेत निघाला.

नीडफुल लिहा बिनधास्त. समोरच्याला कळत नसेल तर त्यानं शिकावं.

---

बडगीवाली

बोर भाऊ, शिकावं हे खरं, पण तोवर केळी पिकतात त्याचं काय?

लाजायचं कारण नाही, यावर मी तुमच्याच बाजूची. पण तुम्ही पुण्यात राहता म्हणून विचारते. तिथे हॉटेलात ‘भरीत’ मागितलं तर काय येतं? मला दोनदा दही घातलेलं आलं. आपल्याकडे भरीत म्हटलं की बामणोदची हिरवी-पांढरी वांगी, काड्यांवर भाजलेली, बडगीत हिरव्या मिरचीसोबत ठेचलेली, वरून कांद्याची पात आणि शेंगदाणे. हे कोणी लिहून सांगत नाही. यावल-फैजपूरच्या माणसाला ‘भरीत कर’ एवढं पुरतं. पुणेकराला पुरत नाही, म्हणून पुणेकर अडाणी ठरत नाही आणि आपलं भरीतही चूक ठरत नाही. पण पुण्यात मागवायचं असेल तर ‘दही नको’ हे सांगावंच लागतं.

---

मेहरूणचं बोर

दह्याचं मान्य. त्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत. बाकी मत कायम.

---

नस्तीबहाद्दर

इंग्रजीचं मला फार कळत नाही. एका सरकारी कार्यालयात बत्तीस वर्षं आवक-जावक आणि आस्थापना सांभाळून निवृत्त झालो. पण हा धागा वाचून हसू आलं, कारण तुम्ही ज्याला इंग्रजी समजताय तो आमच्याच टेबलावरचा माल आहे.

‘माहितीस्तव व पुढील आवश्यक कार्यवाहीस्तव सविनय सादर.’ हे वाक्य मी किती हजार वेळा लिहिलं असेल देव जाणे. भाषांतर करा याचं. डू द नीडफुल!

राज्याचा राजभाषा अधिनियम १९६४ चा. कारभार मराठीत आणायचा म्हणून इंग्रजी पत्रांचे नमुने मराठीत उतरवले गेले. ‘फॉर इन्फर्मेशन अँड नेसेसरी अ‍ॅक्शन’ची मराठी झाली ती ही. पुढे पोरं मराठीत शिकली, नोकरीला लागली, इंग्रजीत लिहायची वेळ आली तेव्हा डोक्यातल्या ‘योग्य ती कार्यवाही’ला शब्द शोधला, तो तयारच होता. ‘ऑन द सेम’ म्हणजे आमचं ‘सदरबाबत’. आणि ‘रिव्हर्ट’? जुन्या पत्रांत असायचं बघा, ‘उलट टपाली कळवावे’. माझा आपला अंदाज, ते ‘उलट’च पोरांच्या डोक्यात बसलंय.

आता खरी गोष्ट सांगतो. पिलबागभाऊ विचारतात चूक की बरोबर. आमच्याकडे हे वाक्य चूक-बरोबर म्हणून लिहीत नव्हते, सोयीचं म्हणून लिहायचे. ‘अमुक करा’ असं लिहिलं की करायला सांगणारा अडकतो. उद्या चौकशी लागली तर सही त्याची. ‘आवश्यक ती कार्यवाही करावी’ लिहिलं की आवश्यक काय ते खालच्यानं ठरवायचं, चुकलं तर त्याचं चुकलं. खालचाही शहाणा असतो, तो आणखी खाली पाठवतो, त्याच शब्दांत.

एका गावच्या हातपंपाचा अर्ज माझ्या टेबलावरून गेला होता. पंपाचा दांडा तुटलेला, एवढंच. अर्ज साध्या वहीच्या कागदावर, वर सरपंचाची सही, मागे कोणीतरी बॉलपेननं पंपाचं चित्रही काढलेलं, तुटलेल्या जागी बाण. तो कागद सात महिन्यांनी फिरून पुन्हा माझ्याकडे आला. मागची बाजू शिक्क्यांनी भरलेली. चित्रावरच दोन शिक्के. पाच ठिकाणी ‘आवश्यक कार्यवाहीस्तव’, त्यातलं एक अक्षर माझं. दांडा कुठेच नाही.

---

तापीकाठ

नाना, हा प्रतिसाद चौकटीत लावण्यासारखा आहे.

आमच्याकडे सोसायटीच्या इतिवृत्तातही हेच. ‘सर्वानुमते योग्य तो निर्णय घेण्याचे ठरले.’ कोणता निर्णय, ते पुढच्या सभेत विचारायचं.

---

रंगावली

नवापूरहून. वडील चर्चमध्ये वाचन करायचे, घरात जुनं इंग्रजी बायबल होतं, १६११ च्या भाषांतराचं. त्यात ‘नीडफुल’ आहे. लूकच्या दहाव्या अध्यायात मार्था स्वयंपाकघरात राबतेय, तिची बहीण मरिया येशूजवळ नुसती ऐकत बसलीय, आणि मार्था तक्रार करते. तेव्हा येशू म्हणतो, ‘बट वन थिंग इज नीडफुल.’ एकच गोष्ट आवश्यक आहे.

आता गंमत बघा. ती एक गोष्ट कोणती, हे तिथेही सरळ नाव घेऊन सांगितलेलं नाही. मरियेनं चांगला वाटा निवडला, एवढंच पुढे येतं. वडील म्हणायचे, मार्था उठून परत चुलीकडे गेली असणार. पाहुण्यांचं जेवण कोण करणार?

---

पांझरेचा गाळ

लाल गोल मागे घेतो.

पण सरांनी शिकवलेलं एक तरी बरोबर होतं का बघा. ‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू’ चूक आणि ‘टू हिअरिंग’ बरोबर, असं ते सांगायचे. ‘टू’पुढे ‘आयएनजी’ कसा येईल, हे मला आजपर्यंत पटलेलं नाही.

---

बडगीवाली

इथे सर शंभर टक्के बरोबर. इंग्रजीत ‘टू’ दोन प्रकारचे. एक क्रियापदाला चिकटणारा, ‘आय वॉन्ट टू गो’. दुसरा आपल्या ‘कडे’सारखा, नामाआधी येणारा. ‘लुक फॉरवर्ड टू’मधला दुसरा आहे. ओळखायची युक्ती: पुढे साधं नाम ठेवून बघा. ‘लुकिंग फॉरवर्ड टू युवर रिप्लाय’ चालतं ना? मग तिथे क्रियापद ठेवायचं झालं तर त्याला ‘आयएनजी’ लावून नाम करूनच ठेवावं लागतं. ‘आय वॉन्ट टू युवर रिप्लाय’ चालत नाही, म्हणून तिथे ‘टू गो’.

---

पिलबाग

सगळ्यांचे प्रतिसाद आप्पांना वाचून दाखवले. नस्तीबहाद्दर नानांचा हातपंप त्यांनी दोनदा वाचायला लावला. काल रात्री नवीन साचा केला. मराठीतून सांगतो: सोबत सुधारित दाखला जोडला आहे. आधीचा, अमुक नंबरचा, वापरू नका. हा कस्टमला द्या. दिल्यावर आम्हाला उत्तर ‘टिल थर्सडे’ द्या.

आप्पा म्हणाले, बरं आहे पण उद्धट वाटतं. ‘काइंडली’ घाल, ‘नीडफुल’ घाल, त्याशिवाय पत्राला पत्रपण येत नाही.

---

बडगीवाली

दादा, सुंदर झालंय, फक्त ‘टिल’ काढा. तिथे ‘बाय थर्सडे’.

ही चूक आपल्या सगळ्यांची होते आणि कारण मराठीत आहे. आपलं ‘पर्यंत’ दोन्ही कामं करतं. ‘गुरुवारपर्यंत थांब’ म्हणजे गुरुवार येईतो थांबत राहा, ‘गुरुवारपर्यंत पैसे दे’ म्हणजे गुरुवारच्या आत कधीतरी एकदा दे. इंग्रजीत पहिल्याला ‘टिल’, दुसऱ्याला ‘बाय’. ‘रिप्लाय टिल थर्सडे’ वाचून ती मुलगी गुरुवार उजाडेपर्यंत रोज उत्तरं पाठवत बसेल. तिचा स्वभाव बघता खरंच पाठवेल.

आप्पांना सांगा, ‘प्लीज’ एकदा, सुरुवातीला, पुरे. ‘काइंडली’ आपल्याला नम्र वाटतं, पण तिकडे बऱ्याचदा वैतागलेला माणूस ते वापरतो, ‘कृपया इथे थुंकू नये’मधल्या ‘कृपया’सारखं. शेवटी ‘थँक यू’ लिहा आणि नाव. ज्याला ‘डिअर सर’ म्हणून सुरुवात केली त्याला ‘युवर्स फेथफुली’, ज्याला नावानं हाक मारली त्याला ‘युवर्स सिन्सिअरली’, ही ब्रिटिश रीत. ‘युवर्स’मध्ये एसच्या आधी वरचा स्वल्पविराम, म्हणजे अपॉस्ट्रॉफी, लटकवायचा नाही. जळगावात अर्ध्या अर्जांवर लटकलेला असतो.

---

मेहरूणचं बोर

‘कृपया इथे थुंकू नये’ 😄 ताई, आज ऑफिसात माझ्या पाठवलेल्या मेल तपासल्या. एका दिवसात नऊ वेळा ‘काइंडली’. एकदा तर ‘काइंडली रिक्वेस्ट यू टू काइंडली’.

आपसात मी नीडफुल सोडणार नाही. आमच्या टीममध्ये ‘नीडफुल कर’ म्हटलं की सर्व्हर रीस्टार्ट करायचा हे सगळ्यांना माहीत आहे, तिथे दोन शब्दांत काम होतं. क्लायंटच्या मेलमधून मात्र काढला.

---

तापीकाठ

अवांतर: माझ्या लग्नात सासरेबुवांनी मांडववाल्याला चिठ्ठी दिली होती, ‘योग्य ती व्यवस्था करणे’. त्यानं पाहुण्यांसाठी दीडशे खुर्च्या पाठवल्या आणि मांडव नाही. चोपड्याचं मे महिन्याचं ऊन. पुढचं विचारू नका.

---

पिलबाग

आप्पा ‘प्लीज’वर राजी झाले. नव्या साच्यातली पहिली मेल परवा गेली, तिचं उत्तर चाळीस मिनिटांत आलं: ‘डन.’ एवढंच. आप्पांना ते फार कोरडं वाटलं. मला आतापर्यंत आलेलं सगळ्यात गोड पत्र वाटलं.

आता मराठीतली अडचण. आमच्या शिवारातली डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली आहे. चार दिवस झाले, बागेला पाणी नाही, ठिबक बंद. वीजवाल्यांना अर्ज द्यायचाय. बसलो लिहायला आणि हात आपोआप ‘तरी योग्य ती कार्यवाही व्हावी ही विनंती’वर गेला. खोडलं. आता असं लिहिलंय: ‘अमुक गट नंबरजवळची डीपी सोमवारी रात्री जळाली आहे. तिच्यावर अकरा शेतकऱ्यांचे पंप आहेत. डीपी बदलून द्या. कधी बदलणार ते लेखी कळवा.’ नाना, हे चालेल का?

---

नस्तीबहाद्दर

चालेल. फक्त ‘बदलून द्या’च्या जागी ‘बदलून मिळावी’ करा, साहेब लोकांना आज्ञार्थ झोंबतो आणि कागद तळाशी जातो. डीपीवर पत्र्याची पट्टी असते, तिच्यावरचा नंबर उतरवून घ्या, गट नंबरावर त्यांना काही सापडत नाही. अकराही जणांच्या सह्या आणि ग्राहक क्रमांक.

दोन प्रती न्या. एकीवर तारखेचा शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. ‘ठेवून जा, बघतो’ म्हणाले तर तिथेच बसा.